दख्खनमधील द्राक्षमद्याची परंपरा आणि मराठवाडा : लातूर व नांदेड जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील वाईन उद्योगाचा विचार करताना सामान्यतः नाशिक, नारायणगाव, सांगली व अलीकडे अकलूज या परिसरांचा उल्लेख केला जातो. मराठवाड्याचे नाव या संदर्भात क्वचितच घेतले जाते. परंतु दख्खनच्या इतिहासाकडे पाहिले असता द्राक्ष आणि द्राक्षापासून तयार होणारे मद्य यांचा या प्रदेशाशी असलेला संबंध सुमारे दोन हजार वर्षांचा असल्याचे दिसून येते. तेर व पैठण या प्राचीन बाजारपेठा, कल्याणीच्या चालुक्यांचा दरबार, मध्ययुगीन दौलताबादचे द्राक्षमळे आणि निजामी राजवटीतील आबकारी व्यवस्था या सर्वांनी या संबंधाला वेगवेगळे स्वरूप दिले. असे असूनही विसाव्या शतकाच्या अखेरीस जेव्हा महाराष्ट्रात आधुनिक वाईन उद्योग उभा राहिला, तेव्हा लातूर व नांदेड हे जिल्हे त्याच्या नकाशाबाहेर राहिले. असे का घडले आणि यातून येथील शेतकऱ्याने कोणता बोध घ्यावा, हा प्रस्तुत शोधनिबंधाचा मुख्य विषय आहे.

संशोधनाची उद्दिष्टे :

१) प्राचीन काळापासून दख्खनमधील द्राक्षमद्याच्या परंपरेचा आढावा घेणे.
२) निजामकालीन आबकारी व्यवस्थेचा मराठवाड्याच्या मद्यविषयक दृष्टिकोनावर झालेला परिणाम अभ्यासणे.
३) महाराष्ट्रातील आधुनिक वाईन उद्योग, त्यातील द्राक्षवाण व आहाराशी असलेला त्यांचा मेळ यांची माहिती घेणे.
४) लातूर व नांदेड जिल्ह्यांत हा उद्योग न रुजण्याची कारणे शोधणे.

गृहीतक व संशोधन पद्धती :

मद्यनिर्मितीचा लाभ प्रत्येक कालखंडात व्यापारी, राजसत्ता, मक्तेदार किंवा कंपनी यांच्याकडे अधिक व प्रत्यक्ष उत्पादकाकडे कमी गेला, हे या अभ्यासाचे गृहीतक आहे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रवासवर्णने, संस्कृत ग्रंथ, शासकीय धोरणे आणि प्रकाशित दुय्यम साधने यांचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन :

अ) प्राचीन काळ : तेर, पैठण आणि रोमन व्यापार

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात दख्खनच्या अंतर्भागातील दोन बाजारपेठांचा ठळक उल्लेख आहे. त्यांपैकी एक पैठण व दुसरी तगर म्हणजेच आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर होय. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या व पैठणपासून तगर दहा दिवसांच्या अंतरावर असल्याचे हा ग्रंथ सांगतो. याच ग्रंथात भडोच बंदरात येणाऱ्या मालाच्या यादीत मद्याचा समावेश आहे. इटलीचे मद्य विशेष पसंत केले जाई व त्याखालोखाल लाओदिकिया आणि अरबस्तान येथील मद्य येत असे. मद्य वाहून नेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या दोन कानांच्या उंच मातीच्या कुंभांचे अवशेष नेवासा येथील उत्खननात सापडले आहेत. तेर येथील उत्खननातही रोमन संपर्काची साक्ष देणाऱ्या वस्तू मिळाल्या असून तेथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात प्राचीन तेरच्या वैभवाचे दर्शन घडते.

या व्यापारात दख्खनचे स्थान ग्राहकाचे होते, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. तगरहून सुती कापड बाहेर जाई व भूमध्य सागराच्या प्रदेशातील मद्य आत येई. द्राक्षमद्य ही त्या काळी परदेशातून येणारी महागडी वस्तू होती व तिचा उपभोग राजे, सामंत व धनिक श्रेष्ठी यांच्यापुरता मर्यादित असावा. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'तही द्राक्षरसापासून होणाऱ्या मद्याला 'मधु' म्हटले असून त्याची कापिशायन व हारहूरक ही नावे वायव्येकडील प्रदेशांवरून पडलेली आहेत. याच ग्रंथात सुराध्यक्ष या अधिकाऱ्याची तरतूद आहे. म्हणजेच मद्य हे राज्याच्या उत्पन्नाचे साधन असावे ही कल्पनाही तितकीच जुनी आहे. अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्याच्या छतावर परदेशी पोशाखातील व्यक्ती मद्यपान करीत असल्याचे चित्र आहे. दख्खनच्या कलाकाराच्या मनात मद्याचा प्याला आणि परदेशी मनुष्य यांचे साहचर्य किती पक्के होते, हे त्यावरून समजते.

आ) राष्ट्रकूट व चालुक्य काळ

राष्ट्रकूट राजे स्वतःस 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत. हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर होय, असे अभ्यासक मानतात. नांदेड जिल्ह्यातील कंधार हेही राष्ट्रकूटांचे महत्त्वाचे ठाणे होते. दहाव्या शतकात भारताविषयी लिहिणारा अरब लेखक अल्-मसूदी येथील लोक मद्यपानापासून दूर राहतात व मद्य पिणाऱ्यास दोष देतात, असे नमूद करतो. याच्या नेमके उलट चित्र दोन शतकांनंतर कल्याणीच्या चालुक्य दरबारात दिसते. कल्याणी म्हणजे लातूर जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेले बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजाच्या भोजनाचे व पेयांचे सविस्तर वर्णन आहे. द्राक्षे व ऊस यांपासून होणाऱ्या मद्यांबरोबरच ताड, नारळ व खजूर यांपासून तयार होणाऱ्या मद्यांचाही त्यात उल्लेख आहे. राजाच्या विविध क्रीडांमध्ये मदिरापानाच्या क्रीडेलाही स्थान दिले आहे.

अल्-मसूदी आणि सोमेश्वर यांच्या कथनांतील विरोध वरवरचा आहे. परकीय लेखकाने पाहिला तो समाजाने मान्य केलेला आदर्श होता, तर राजाने वर्णिला तो दरबारातील उपभोग होता. समाजाचा आदर्श मद्यनिषेधाचा आणि सत्ताधाऱ्यांचा व्यवहार मद्यसेवनाचा, हे द्वैत पुढील सर्व कालखंडांत टिकून राहिले. मराठवाड्याच्या भूमीत वारकरी संप्रदायाने माळ आणि मद्य यांची फारकत अधिक पक्की केली. तेर हे संत गोरोबा कुंभारांचे गाव. ज्या गावात एके काळी रोमन व्यापाराचा माल येत असे, तेच पुढे भक्तीचे केंद्र बनले.

इ) मध्ययुग : दौलताबादचे द्राक्षमळे

मराठवाड्यात द्राक्षे प्रत्यक्ष पिकत असल्याचा स्पष्ट निर्देश चौदाव्या शतकात मिळतो. इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने दौलताबाद येथील द्राक्षे व डाळिंबे यांचा उल्लेख केला असून त्यांचे पीक वर्षातून दोनदा येते, असे त्याने लिहिले आहे. हे विधान प्रथमदर्शनी अतिशयोक्त वाटते. परंतु आजच्या द्राक्षबागायतदाराला त्यात नवल वाटणार नाही. थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून विश्रांती घेतो. दख्खनच्या उष्ण हवामानात त्याला अशी विश्रांती मिळत नाही व प्रत्येक छाटणीनंतर तो नव्याने फुटतो. म्हणूनच आज महाराष्ट्रात एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी अशा दोन छाटण्या करून एकच चांगले पीक घेतले जाते. इब्न बतूताने पाहिलेले दुबार पीक हे याच निसर्गनियमाचे फळ होते.

सतराव्या शतकात तव्हेर्निए व तेव्हनो या फ्रेंच प्रवाशांनी औरंगाबादहून गोवळकोंड्याकडे जाणाऱ्या मार्गाचे वर्णन केले आहे. या मार्गावर नांदेड हा एक महत्त्वाचा मुक्काम होता. तेव्हनोने गोवळकोंडा परिसरात विपुल द्राक्षवेली असून त्यांची फळे जानेवारीपासून पिकू लागतात व त्यांपासून पांढरे मद्य तयार करतात, अशी नोंद केली आहे. आजही महाराष्ट्रात वाईनच्या द्राक्षांची काढणी साधारणपणे जानेवारी ते मार्च या काळातच होते. यावरून दख्खनमधील द्राक्षशेतीचे वेळापत्रक साडेतीनशे वर्षांत फारसे बदललेले नाही, हे स्पष्ट होते. मात्र एका बाजूला दौलताबाद व दुसऱ्या बाजूला गोवळकोंडा अशी द्राक्षकेंद्रे असताना मधले नांदेड हे वाटेवरचे ठाणेच राहिले. राजधानीची मागणी आणि बागेला पाणी देणारी विहीर यांच्या आधारावर त्या काळची द्राक्षशेती उभी होती. लातूर-नांदेड परिसरात ज्वारी, कापूस व तूर ही कोरडवाहू पिके प्रमुख होती.

ई) निजामी राजवट व आबकारी

आसफजाही काळात हैदराबाद शहर द्राक्षांसाठी प्रसिद्ध झाले. 'अनाब-ए-शाही' म्हणजे 'शाही द्राक्ष' हा मोठ्या लांबट मण्यांचा वाण हैदराबादहूनच सर्वत्र पसरला. दौलताबाद-औरंगाबाद भागात हबशी, साहेबी, फकडी यांसारखे जुने वाण माहीत होते. ही सर्व द्राक्षे मुख्यतः खाण्यासाठी वापरली जात. घरोघरी द्राक्षाचे औषधी रूप परिचित होते ते वैद्याकडील द्राक्षासवाच्या बाटलीतून.

सामान्य जनतेचे मद्य मात्र वेगळे होते. किनवट-माहूरच्या वनप्रदेशात मोहाच्या फुलांची दारू आणि तेलंगणाला लागून असलेल्या भागात शिंदी प्रचलित होती. मोहाचे फूल हे गोंड, कोलाम व आंध या आदिवासी समाजांच्या जीवनात अन्नही होते व विधींचा भागही होता. निजाम सरकारने मोह व शिंदी यांवर आबकारी कर बसविला आणि विक्रीचे मक्ते लिलावाने दिले. आबकारी हे राज्याच्या उत्पन्नाचे एक महत्त्वाचे साधन बनले. झाड गावाचे, श्रम गावकऱ्यांचे, परंतु नफा मक्तेदाराचा व महसूल सरकारचा, अशी ही व्यवस्था होती.

म्हणूनच हैदराबाद मुक्तिसंग्रामात शिंदीची झाडे तोडणे हा लढ्याचा एक मार्ग ठरला. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली १९४७ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसने जे आंदोलन केले, त्यात जंगल सत्याग्रहाबरोबर शिंदीतोडीचाही समावेश होता. निजामाच्या तिजोरीवर आघात करणे हा त्यामागील हेतू होता. त्याला गांधीवादी मद्यनिषेधाच्या विचाराची जोड मिळाली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग बनला. मद्य म्हणजे जुलमी सत्तेचे उत्पन्न ही जाणीव या भागाच्या राजकीय स्मृतीत दीर्घकाळ राहिली. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी चळवळीने ऊस व द्राक्ष यांकडे उद्योग म्हणून पाहिले, तसे मद्याकडे पाहण्याची मानसिकता मराठवाड्यात तयार न होण्यामागे ही स्मृतीही एक कारण असावी.

उ) आधुनिक द्राक्षशेती : नाशिक ते औसा

विसाव्या शतकात नाशिक जिल्ह्यातील ओझर परिसरात द्राक्षलागवडीस चालना मिळाली. साठच्या दशकात थॉमसन सीडलेस हा बिनबियांचा वाण महाराष्ट्रात रुजला आणि द्राक्षशेतीचे रूप पालटले. शेतकऱ्यांनीच आपल्या बागांतील वेगळ्या वेली निवडून नवे वाण घडविले. तासगाव भागातून तास-ए-गणेश, सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथून सोनाका व पुढे शरद सीडलेस हे वाण आले. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाने ज्ञानाचा प्रसार केला, तर १९९७ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले. क्षारयुक्त जमीन व पाण्याची टंचाई यांवर उपाय म्हणून डॉगरिज या खुंटावर कलम करण्याची पद्धत रूढ झाली. ठिबक सिंचनाने कमी पाण्यात बाग जगविणे शक्य झाले.

या बदलाचे लोण सोलापूरमार्गे तुळजापूर व लातूर जिल्ह्यातील औसा परिसरापर्यंत पोहोचले. जालना जिल्ह्यातील कडवंची या गावाने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पाणलोट विकासाची कामे करून व पुढे शेततळ्यांच्या आधारे द्राक्षशेतीत नाव मिळविले. पाण्याचे नियोजन असेल तर मराठवाड्यात द्राक्ष पिकू शकते, याचा हा ठोस पुरावा आहे. मात्र हे सर्व द्राक्ष खाण्याचे किंवा बेदाण्याचे आहे. नांदेड जिल्ह्यात विष्णुपुरी व ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पांच्या पाण्यावर ऊस, केळी व हळद ही पिके वाढली. अर्धापूरची केळी प्रसिद्ध झाली, पण द्राक्षाला तेथे विशेष स्थान मिळाले नाही.

ऊ) वाईन उद्योग : धोरण, वाण व अकलूजचे उदाहरण

खाण्याचे द्राक्ष व वाईनचे द्राक्ष यांत मूलभूत फरक आहे. खाण्याच्या द्राक्षाला मोठा मणी, पातळ साल व कुरकुरीत गर लागतो. वाईनच्या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड, बिया असलेला व साखर-आम्ल यांचा तोल राखणारा असावा लागतो. चांगल्या प्रतीसाठी एकरी उत्पादन मुद्दाम मर्यादित ठेवावे लागते. तांबड्या वाईनसाठी कॅबर्ने सोव्हिन्यों, शिराझ, मर्लो, झिनफँडेल व सांजोव्हेसे, तर पांढऱ्या वाईनसाठी सोव्हिन्यों ब्लाँ, शेनिन ब्लाँ, शार्डोने व व्हियोन्ये हे वाण महाराष्ट्रात घेतले जातात. तांबडी वाईन सालीसह आंबविली जाते. पांढऱ्या वाईनसाठी रस आधी सालीपासून वेगळा करतात व कमी तापमानात आंबवितात. त्यामुळे शीतकरणाची यंत्रणा व अखंड वीजपुरवठा या गोष्टी अत्यावश्यक ठरतात.

नारायणगाव येथील इंडेज समूहाने १९८० च्या दशकात फसफसणारी वाईन तयार करून या उद्योगाचा पाया घातला. नाशिक येथे सुला या कंपनीची पहिली वाईन २००० मध्ये बाजारात आली. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. वाईनला उत्पादन शुल्कात सूट देण्यात आली, परवान्याची पद्धत सुलभ झाली आणि नाशिक जिल्ह्यातील विंचूर व सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाईन पार्क निश्चित करण्यात आले. हे धोरण आले त्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री विलासराव देशमुख हे लातूर जिल्ह्यातील बाभळगावचे होते. तरीही वाईन पार्क मराठवाड्याबाहेर गेले, याचा अर्थ प्रादेशिक उपेक्षा असा लावण्यापूर्वी वस्तुस्थिती पाहणे आवश्यक आहे. जेथे द्राक्ष, पाणी, रस्ते व भांडवल होते तेथेच उद्योग गेला. लातूरच्या नेतृत्वाने आपल्या जिल्ह्यात जो उद्योग उभा केला, तो साखरेचा होता.

मराठवाड्याला भौगोलिकदृष्ट्या जवळचे व सर्वाधिक बोधप्रद उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील अकलूजच्या 'फ्रातेल्ली' या वाईनरीचे आहे. 'फ्रातेल्ली' या इटालियन शब्दाचा अर्थ 'बंधू' असा होतो. इटलीतील सेक्की, दिल्लीतील सेखरी व अकलूजचे मोहिते-पाटील या तीन कुटुंबांतील बंधूंनी २००७ च्या सुमारास हा प्रकल्प सुरू केला. इटलीच्या तोस्काना प्रांतातील तज्ज्ञ पिएरो मासी यांच्या मार्गदर्शनाखाली मोटेवाडी, निमगाव व गारवाड येथे फ्रान्सहून आणलेल्या रोपांची लागवड झाली. तोस्कानाचा सांजोव्हेसे हा वाण येथे रुजविणे हे या प्रकल्पाचे वैशिष्ट्य ठरले. सांजोव्हेसे व कॅबर्ने सोव्हिन्यों यांच्या मिश्रणातून तयार झालेली 'सेत्ते' ही तिची प्रमुख वाईन आहे. दुष्काळी समजल्या जाणाऱ्या सोलापूर जिल्ह्यात हे घडले, पण त्यामागे सहकारी साखर कारखानदारीतून आलेला उद्योगाचा अनुभव, सिंचनाची सोय, परदेशी तंत्रज्ञान व स्वतःच्या मालकीच्या बागा होत्या. लातूरच्या पाच-सात एकरांच्या शेतकऱ्याकडे यांपैकी काहीही नाही.

ए) वाईन आणि मराठवाड्याची आहारपद्धती

वाईन ही जेवणाबरोबर घेण्याची वस्तू असल्याने तिचा इतिहास आहाराच्या इतिहासापासून वेगळा करता येत नाही. 'मानसोल्लासा'त अन्नभोग व पेये यांचे वर्णन एकाच ग्रंथात येते, हे या दृष्टीने सूचक आहे. लातूर-नांदेडच्या आहारात ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, पिठले, शेंगदाण्याची चटणी, येसराची आमटी व झणझणीत मटण यांना महत्त्व आहे. निलंगा राईस हा लातूर जिल्ह्याचा खास पदार्थ आहे. नांदेडच्या खाद्यसंस्कृतीवर हैदराबादची छाप असून तेथील बिर्याणी प्रसिद्ध आहे. निलंगा तालुक्यातील बोरसुरीची तूरडाळ व पानचिंचोलीची चिंच यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

वाईनचे जाणकार आहाराशी मेळ घालताना काही सूत्रे पाळतात. मिरचीचा तिखटपणा जास्त मद्यार्क व तुरट चव यांमुळे अधिक जाणवतो. म्हणून झणझणीत पदार्थांबरोबर भारी तांबडी वाईन जुळत नाही. थंड केलेली व किंचित गोडसर शेनिन ब्लाँ अधिक जुळते. चिंचेच्या आंबटपणापुढे मंद वाईन बेचव वाटते, तेथे सोव्हिन्यों ब्लाँसारखी आम्लयुक्त वाईन टिकते. मसालेदार पण मध्यम तिखट मटणाबरोबर शिराझ, टोमॅटोचा वापर असलेल्या रश्श्याबरोबर सांजोव्हेसे आणि बिर्याणीबरोबर गुलाबी वाईन सुचविली जाते. ही जुळणी शहरी उपाहारगृहांत व वाईन पर्यटनात दिसते. मराठवाड्यातील बहुसंख्य घरांत मात्र मद्य जेवणाच्या पंगतीत येत नाही. ते घराबाहेर, जेवणापूर्वी व बहुधा लपून घेतले जाते. त्यामुळे 'वाईन म्हणजे दारू नव्हे' हा उद्योगाचा युक्तिवाद येथील स्त्रियांना पटत नाही. दारूने उद्ध्वस्त झालेले संसार त्यांनी पाहिलेले असतात.

हा प्रश्न २०२२ मध्ये पुन्हा पुढे आला. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून व सुपरमार्केटमधून वाईन विक्रीस परवानगी देण्याचा निर्णय घेतला. शेतकऱ्यांच्या हिताचे कारण त्यासाठी देण्यात आले. या निर्णयास सामाजिक व राजकीय पातळीवर तीव्र विरोध झाला आणि तो प्रत्यक्षात उतरला नाही. 'अर्थशास्त्रा'पासून चालत आलेला महसूल व नीती यांतील संघर्ष येथे नव्या रूपात दिसतो.

ऐ) पाणी, बाजार आणि शेतकरी

लातूर-नांदेडमध्ये वाईन उद्योग न रुजण्याचे सर्वांत मोठे कारण पाणी हे आहे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. पिण्याचे पाणी साडेतीनशे किलोमीटरवरून आणावे लागलेल्या या शहराची अवस्था देशभर चर्चेचा विषय झाली. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश दिला. माणसाच्या तहानेपुढे मद्यनिर्मितीचा हक्क दुय्यम आहे, हे तत्त्व त्यातून अधोरेखित झाले. ठिबकवरील द्राक्षबागेला उसापेक्षा कमी पाणी लागते, हे खरे. परंतु द्राक्षबाग ही बहुवार्षिक असते. एका वर्षीचे पाणी चुकले तर केवळ पीक जात नाही, अनेक वर्षांचे भांडवल जाते. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने मराठवाड्यातील उभ्या बागा झोडपल्या, हा अनुभवही ताजा आहे.

दुसरे कारण बाजाराचे आहे. २००१ च्या धोरणानंतर नाशिक भागात अनेक शेतकऱ्यांनी कराराने वाईनची द्राक्षे लावली. २००८ च्या जागतिक मंदीनंतर आणि मुंबईवरील हल्ल्यानंतर पर्यटन व हॉटेल व्यवसाय मंदावला, वाईनची मागणी घटली, कंपन्यांकडे साठे पडून राहिले व खरेदी थांबली. इंडेजसारखी मोठी कंपनी आर्थिक अडचणीत येऊन पुढे अवसायनात गेली. अनेक शेतकऱ्यांनी वाईनच्या बागा तोडून किंवा त्यांवर खाण्याच्या वाणांचे कलम करून मार्ग काढला. खाण्याचे द्राक्ष भाव पडला तर बेदाण्यासाठी सुकविता येते. वाईनच्या आंबट-तुरट, बियांच्या द्राक्षाला मात्र वाईनरीखेरीज दुसरा ग्राहक नसतो. एकाच खरेदीदारावर अवलंबून असलेल्या उत्पादकाची स्थिती निजामकालीन मक्त्याची आठवण करून देते. हे संकट लातूरच्या शेतकऱ्यावर आले नाही, कारण तो या उद्योगात नव्हता. त्याच्या या अनुपस्थितीकडे केवळ मागासलेपण म्हणून पाहणे योग्य होणार नाही.

निष्कर्ष :

१) दख्खनमध्ये द्राक्षमद्याची परंपरा प्राचीन असली तरी लातूर-नांदेड परिसराचे स्थान त्यात प्रामुख्याने व्यापारमार्गाचे व उपभोगाचे राहिले, उत्पादनाचे नव्हे.

२) इब्न बतूता व तेव्हनो यांच्या नोंदी आजच्या द्राक्षशेतीच्या वेळापत्रकाशी जुळतात. दख्खनचे हवामान द्राक्षाला प्रतिकूल नाही. खरी मर्यादा पाण्याची व भांडवलाची आहे.

३) निजामकालीन आबकारीचा अनुभव व मुक्तिसंग्रामातील शिंदीतोड यांमुळे मराठवाड्यात मद्यउद्योगाविषयी अविश्वासाची भावना दृढ झाली असावी.

४) रोमन काळातील व्यापारी, चालुक्य काळातील राजा, निजामी काळातील मक्तेदार व २००१ नंतरची कंपनी यांच्या तुलनेत प्रत्यक्ष उत्पादकाला लाभ कमी व जोखीम अधिक मिळाली. त्यामुळे अभ्यासाचे गृहीतक बहुतांशी सिद्ध होते. अकलूजचे उदाहरण हा अपवाद आहे, कारण तेथे बागेचा मालक हाच वाईनरीचाही भागीदार आहे.

५) मराठवाड्यात द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचा विचार करावयाचा झाल्यास कडवंचीप्रमाणे प्रथम पाणलोट व शेततळे, त्यानंतर बेदाणा व रस यांसारखे पर्याय आणि शेवटी, शेतकऱ्यांची मालकी व खरेदीची हमी असेल तरच वाईन, असा क्रम इतिहासाच्या आधारे सुचविता येतो.

तेरच्या बाजारात दोन हजार वर्षांपूर्वी येणाऱ्या मद्याची किंमत दख्खनच्या विणकराच्या कापडाने चुकती होत होती. आजही द्राक्षमद्याच्या भरभराटीचे मोजमाप करताना बाटलीच्या किमतीबरोबर वेल लावणाऱ्याच्या पदरात काय पडले, हे पाहणे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.